सबाहने कापलेल्या पट्ट्या

नबविया लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा बर्दीला घाबरायची. तिच्या माहेरी कापूस आणि कांदा. पाण्यात पाय रोवून माणसाच्याही वर जाणारं, डोक्यावर हिरवा झिपरा झुबका मिरवणारं हे पीक तिला पीक वाटायचंच नाही. "याचं खायचं तरी काय?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं आणि सासरच्या बायकांना आठवडाभर हसायला विषय मिळाला. बर्दी म्हणजे पपायरस. फराओंच्या काळात तिच्यावर लिहीत. आता आमचं गाव तिचे ताव करतं, कैरोचे दुकानदार त्यांवर राजे-राण्या रंगवतात आणि परदेशी पाहुणे ते घेऊन जातात. म्हणजे खायला मिळतं, पण एवढा वळसा घालून.

काम तिला नवऱ्याने, मितवल्लीने शिकवलं. देठ तीन धारांचा. त्याची साल सोलायची, आतला पांढरा गाभा ताणलेल्या नायलॉनच्या दोऱ्यावरून ओढून पट्ट्या काढायच्या, त्या पिंपात भिजवायच्या. मग फडक्यावर एक थर आडवा, त्यावर एक उभा, वर पुन्हा फडकं नि पुठ्ठा, की सगळं प्रेसखाली. गोंद लागत नाही, झाडाचा चीकच धरून ठेवतो. पट्ट्या पांढऱ्या राहाव्यात म्हणून पिंपात पावडर टाकतात. तिने नबवियाच्या बोटांची सालं निघत. मितवल्ली रोज संध्याकाळी न बोलता तेलाची बाटली तिच्यापुढे ठेवायचा. तो बोलायचा कमीच.

बाळंतपणं बरीच झाली, हाती लागली एकच मुलगी, सबाह. बापाचा हात तिने जसाच्या तसा उचलला, बापाची जीभ मात्र उचलली नाही. घरातलं सगळं बोलणं तीच करायची. तिच्या पट्ट्या इतक्या पातळ निघत की पलीकडची बोटं दिसत.

"आई, तू पट्ट्या कापतेस की चपलांचे तळवे?"

"सासरी जाशील ना, तेव्हा सासूला विचार हे."

"सासूला कशाला विचारू? तिला तर बर्दी आणि कांद्याची पात यातला फरक कळत नाही. तुझीच बहीण शोभेल."

मितवल्ली मान खाली घालून हसायचा. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

कापणी झाल्यावर सबाहचं लग्न ठरलं होतं. त्याआधी कावीळ झाली आणि आठवडाभरात ती गेली. आदल्याच दिवसापर्यंत अंथरुणातून उठून ती पट्ट्या कापत होती, कोणाचं ऐकते थोडीच. तिने भरलेलं पिंप कामाच्या खोलीत तसंच राहिलं. दारात दुखवट्याचा मांडव पडला, बिनसाखरेची कॉफी फिरली, बायका येऊन रडून गेल्या. नबवियाने पिंपावर गोणपाट टाकलं आणि सांगितलं, याला कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यापाशी बसायची, आत बघायची आणि उठून जायची.

बर्दीला शोकबिक कळत नाही. पाण्यात जास्त राहिली की ती काळवंडते, मग कुजते. हे नबवियालाही ठाऊक होतं, पण तिच्याशी ते बोलणार कोण? दर गुरुवारी ती वाटायच्या भाकऱ्या घेऊन गावच्या कबरस्तानात जायची. एका गुरुवारी परतली तर पिंप धुऊन अंगणात उपडं घातलेलं.

"सबाहच्या पट्ट्या कुठे आहेत?"

"ताव केले मी त्यांचे. मागच्या आठवड्यात," मितवल्ली म्हणाला. "आज हाज फर्गली माल न्यायला आला होता. त्याच्या गाडीत दिले."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू दिले नसतेस. आणि मला ते बघवत नव्हते." एवढं लांब वाक्य तो बऱ्याच दिवसांनी बोलला होता. "आडवा थर मी घातला. उभा थर तिचा असायचा नेहमी. तोही मीच घातला."

नबवियाला त्याच्या पोटातलं कळलं, पण क्षमा करायला तेवढं पुरलं नाही. तिने जेवण वाढणं सोडलं नाही, बोलणं सोडलं. मुळात ज्या घरात बोलणारी गेली होती तिथे आता भांड्यांचाच काय तो आवाज.

पुढच्या खेपेला हाज फर्गली हसतच आला. कैरोतलं त्याचं दुकान मोठं, तोंड त्याहून मोठं. "मितवल्ली, लेका, ती तपकिरी झाक आणलीस तरी कशी? गिऱ्हाईक वेडं झालंय. थडग्यातून काढल्यासारखे दिसतात ताव. तसेच हवेत आणखी."

उत्तर नबवियाने दिलं, तिच्याच अंगणात, सगळ्यांसमोर.

"घरात कोणी मेलं की येतो तो रंग, हाज. तुमच्याकडे नाही येत का?"

फर्गलीने हातातले ताव खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता, धंदेवाईक होता. जाताना तो हळूच म्हणाला, "सबाहच्या आई, मला माहीत नव्हतं. दुकानात ये, उरले असतील ते घेऊन जा."

पण मरणाचा चाळिसावा दिवस होईपर्यंत शोकातल्या आईने गावाची वेस ओलांडायची नाही, ही तिच्या माहेरची रीत. त्या दिवसांत फर्गलीने आपलं काम केलं. गावात घरोघर सांगितलं, पिंपं लवकर उपसू नका, तपकिरी माल आणा. झालं, सगळ्यांची पिंपं उंबऱ्याआड सडत पडली. कालव्याकाठी नाकाला पदर लावून चालावं लागायचं. शेजारीण म्हणाली, "तुमच्यामुळे बरकत आली गं." तिला वाटलं आपण चांगलंच बोललो.

चाळिसावा उरकून नबविया कैरोला गेली. दुकानाच्या मागच्या खोलीत एक चितारी राणीच्या डोळ्यात काजळ भरत बसला होता. कोपऱ्यात तपकिरी तावांची चळत कमरेएवढी होती. यात सबाहचे शोधायचे कसे? तरी तिने एकेक ताव उचलून खिडकीच्या उजेडात धरला. सबाहचा हात आपण आंधळेपणीही ओळखू, असं तिला रोज वाटत आलं होतं. दुपार कलली. सगळे जाड. तिला हात ओळखू येत होते, या घरचे, त्या घरचे, पण तो एक हात नव्हता.

"मावशी, तुम्ही म्हणता ते पहिले पातळ ताव?" चितारी म्हणाला. "ते केव्हाच गेले. रंगवलेही नाहीत धड, रंग ओला असतानाच नेले लोकांनी."

"कुठे?"

"विमानात बसून. आता कुठे कुठे सांगू?"

तिथे ती रडली, पहिल्यांदा आवाज काढून. चितारी ब्रश धुवायचं निमित्त करून बाहेर गेला. मग तिने डोळे पुसले, चळतीतला त्यातल्या त्यात पातळ ताव काढला, गुंडाळला आणि निघाली. का घेतला, हे बस गावाजवळ येईपर्यंत तिलाही कळलं नव्हतं.

मितवल्ली थांब्यावर उभा होता. सकाळी तिला सोडायला आला होता, तेव्हापासून घरी गेलाच नव्हता बहुतेक. सूर्य बर्दीच्या झुबक्यांपर्यंत उतरला होता. ते ताव दिल्यापासून हा माणूस पोटभर जेवला नव्हता, आणि आपण ते बघूनही बघितलं नव्हतं, हे तिला त्याच्याकडे बघताना लख्ख दिसलं.

"मिळाले?" त्याने विचारलं.

"एकच उरला होता," नबविया म्हणाली. "मिळाला."

त्याने दोन्ही हात झग्याला पुसले, ताव उलगडला आणि मावळतीच्या उजेडासमोर धरला. पट्ट्या कापायला सबाहला त्यानेच शिकवलं होतं. उजेड तावातून जेमतेम येत होता, पलीकडची बोटं दिसत नव्हती. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळल्याचं नबवियाला कळलं.

"हो," मितवल्ली म्हणाला. "तिचाच हात."

त्याने ताव पुन्हा गुंडाळून काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने तिची पिशवी घेतली. घरापर्यंत दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.