अप्पांच्या घशाची बडदास्त

"रायरांना दही अजिबात वाढायचं नाही. त्यांच्या घशाला काही झालं तर मिरासदार मला बागेबाहेर काढतील."

हे वाक्य स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलं, तेव्हा मी मागच्या पडवीतल्या झोपाळ्यावर इंग्रजी कादंबरी वाचत बसले होते. बोलणारा मुरुगेसन, त्या बागेचा कारभारी. रायर म्हणजे माझे वडील, अप्पा. आमच्या तंजावर भागात मराठी माणसाला आदराने रायर म्हणतात. आदर नसला तरी रायरच म्हणतात, फक्त स्वर बदलतो.

ती नारळी-केळीची बाग कुंभकोणमबाहेर मेलकावेरी गावाच्या पुढे, कावेरी नदीच्या अगदी काठाला होती, आणि बागेच्या मधोमध बंगला. अप्पांचं कुंभकोणमला पितळी भांड्यांचं दुकान. बागेचे मालक असलेल्या एका बड्या मिरासदारांनी मुलीच्या लग्नाची भांडी आमच्याकडून घेतली आणि निघताना म्हणाले, "रायर, कुटुंबाला घेऊन आठवडाभर आमच्या बागेत राहा." भांडी विकणाऱ्याला असं आमंत्रण का यावं, हा प्रश्न आईला पडला. अप्पांना पडला नाही.

"रक्त लपत नाही," ते म्हणाले. "आपले पणजोबा तंजावरच्या दरबारांत होते."

(होते. दरबारी घोड्यांच्या हरभऱ्यावर देखरेख करायला.)

बागेतलं ते राहणं मी अजून विसरलेले नाही. सकाळी डोळे उघडले की भिंतीवर हिरवा उजेड हलत असे, कारण ऊन केळीच्या पानांतून गाळून आत येई. नदीला उतरायला आमच्यापुरता वेगळा घाट होता. शिसवी पलंगाला हात लावला तर दुपारीही गार लागे. कॉफी येई ती अशी, की पेला रिकामा झाल्यावरही आई तो नाकाशी धरून बसे. आणि सगळ्यांत मोठं सुख म्हणजे शांतता. पाणी लावणारे गडी एरवी गात गात मोट हाकतात. आम्ही आल्यापासून ते मुकाट हाकत होते. मुरुगेसन दुपारी हातात गोफण घेऊन आंब्याखाली बसे आणि कावळ्याने चोच उघडली रे उघडली की दगड भिरकावी. एकदा त्याला कोकिळेवर नेम धरताना मी पाहिलं. मला लोकांशी बोलायला लाज वाटते, त्यामुळे जिथे पाखरांनाही बोलू देत नाहीत ती जागा मला स्वर्गासारखी वाटली तर नवल नाही.

फक्त अप्पांच्या घशाचं कोडं सुटेना.

आम्ही नारळाच्या बागेत होतो, पण शहाळं फक्त आईला आणि मला मिळे. अप्पांनी हात पुढे केला की मुरुगेसन त्या हातात सुंठीचं कोमट पाणी ठेवी. सकाळी मिरी घातलेलं दूध, संध्याकाळी ताडाची खडीसाखर चघळायला, आणि अष्टौप्रहर गळ्याला लोकरी मफलर. कुंभकोणमच्या उकाड्यात, मफलर! आणि जेवणाच्या शेवटी, जिथे दहीभात यायचा, तिथे मिरीचं सार येई. दहीभाताशिवाय उठलेला कावेरीकाठचा माणूस जेवून उठला असं आमच्याकडे कोणी मानत नाही. पण पाहुण्याने मागून घ्यायचं नसतं. अप्पा सार पीत, पान मुडपत आणि आमच्या दह्याकडे न बघता हात धुवायला जात.

"मोठ्या घरांत अशीच रीत असेल," एकदा ते आईला म्हणाले.

"रीत तुमच्यापुरतीच कां?" आईने विचारलं.

"राजरक्त उष्ण असतें. ते थंड होऊं देत नाहीत."

माझ्या इंग्रजी शाळेने मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि कादंबरीत ज्याला गरम कपड्यांत गुंडाळून नदीकाठी हवापालटाला नेतात तो शेवटच्या प्रकरणापर्यंत टिकत नाही. मी दोन्ही गोष्टी जोडल्या. अप्पांच्या घशाला काहीतरी भयंकर झालं होतं. मिरासदारांना ते ठाऊक होतं, मुरुगेसनला ठाऊक होतं, आणि आमच्यापासून लपवून ठेवलं होतं.

मग मी अप्पांची सेवा सुरू केली. मफलर सुटला की बांधायचा. ते जांभई देऊ लागले की वाकून घशात डोकवायचं. एकदा त्यांचे पाय चेपताना मला रडू आलं.

"काय झालें, सरसू?"

"काही नाही, अप्पा. तुम्ही फार चांगले आहां."

अप्पा आईकडे वळले. "पाहिलेंस? चार दिवस थोरांघरी राहिली तर मुलीला वळण लागलें."

शेवटच्या संध्याकाळी मिरासदार आले. त्यांच्या मागून मृदंग आला, त्यामागून पेटी आली, त्यामागून मरुदानल्लूरकडची भजनमंडळी आली आणि त्यामागून त्यांच्या घरच्या बायका, म्हातारे, पोरंबाळं. अंगणात समई लागली. गालिचा अंथरला. मधोमध एक तक्क्या, आणि तक्क्यापाशी मिरासदारांनी हात धरून अप्पांना नेऊन बसवलं.

"आजवर आपण अभंग एकमेकांकडून ऐकले," ते मंडळींना म्हणाले. "आज ज्यांची ती भाषा आहे त्यांच्या तोंडून ऐकू. आठवडाभर त्यांचा गळा आम्ही फुलासारखा जपला आहे."

आमच्या मुलखातली तमिळ भजनमंडळी मराठी अभंग पिढ्यान्‌पिढ्या गातात. तमिळ लिपीत उतरवून घेतात, अर्थ समजून घेतात आणि इतकं सुंदर गातात की ऐकणाऱ्याने हातातलं काम सोडून बसावं. त्यांचा भोळा समज असा, की बदक जसं जन्मतः पोहतं तसा मराठी माणूस जन्मतः अभंग गातो. समया पाहता पाहता मिरासदारांनी अप्पांना दुकानात विचारलं होतं, "तुम्ही अभंग गात असाल?" अप्पा गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले होते, "अभंग म्हणजे आमच्या घरचेच की."

(आमच्या घरी गाणं असं एकच होतं. कल्हई लावताना अप्पा जे काही गुणगुणत, ते ऐकून शेजारची गाय दूध चोरी.)

अप्पांना काही झालेलं नाही, हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेसुद्धा. मग त्यांचा चेहरा पाहिला. मृदंगवाला थाप देऊन थांबला होता. पेटीवाल्याने सूर धरला होता. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी डोळे मिटून हातही जोडले होते.

अप्पांनी मफलर चाचपला. मग हळूच, कुजबुजत म्हणाले, "घसा... बसला आहे."

मिरासदारांची मान मुरुगेसनकडे वळली.

"दही दिलंस?"

"नाही, ऐया."

"शहाळं?"

"हातसुद्धा लावू दिला नाही, ऐया. हवं तर त्यांना विचारा."

अप्पा मफलरकडे पाहत होते.

"मग घसा बसला कसा? सगळ्या गावाला बोलावून बसलो आहे मी. एवढं एक काम सांगितलं होतं तुला. उद्यापासून बागेत पाऊल टाकू नकोस."

मुरुगेसनने खांद्यावरचं उपरणं काढून काखेत धरलं. ज्याने आठवडाभर आमच्यासाठी कावळ्यांशी वैर धरलं, तो आता अप्पांकडे अशा नजरेने बघत होता, की एवढं करूनही कुठे चुकलं ते निदान सांगा.

"अहो," आई दबक्या आवाजात म्हणाली, "सांगा ना खरें."

अप्पांनी खोकून दाखवलं. अगदीच वाईट खोकला.

मी उठून उभी राहिले. का, ते मला नक्की सांगता येणार नाही. शाळेत वक्तृत्वाच्या तासाला मी पडद्यामागून बोलत असे, तेही बाईंनी परवानगी दिली म्हणून. पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते: मिरासदार पोट धरून हसले. मुरुगेसन बागेतच राहिला. मंडळींनी स्वतःच अभंग गायले, आणि तसे अभंग मी पुन्हा कुठल्याही मराठी तोंडून ऐकले नाहीत. अप्पांना झांज दिली होती. थोड्या वेळाने ती प्रेमाने काढून घेतली. मग त्यांना मोठा वाडगाभर दही मिळालं आणि ते त्यांनी, माझ्याशी न बोलता, संपवलं.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा अख्खं अंगण माझ्याकडे बघत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला:

"अप्पांचा घसा उत्तम आहे, ऐया. आमच्या घराण्यात इतका चांगला घसा आजवर कोणाचाच नव्हता. गाणं तेवढं कोणालाच येत नाही."