सुनेनं लावलेले वार

वहिनी आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी कोड लिहिणं सोडून बरीच वर्षं झाली होती. दोन मुली मोठ्या करण्यात ते राहूनच गेलं होतं. टायरच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांत त्या पहिल्या दिवशी आल्या त्या घरचा डबा आणि चष्म्याची जोडी घेऊन. मालकांच्या मित्राची बायको, म्हणून मालक त्यांना वहिनी म्हणायचे. मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो.

पहिलं काम मिळालं ते कुणालाच नको असलेलं. पोहण्याच्या तलावाच्या दारात एक स्क्रीन होता. सभासदानं कार्ड टेकवलं की आठवड्याचं वेळापत्रक दिसायचं, पण वारांची नावं सगळ्यांना इंग्रजीतच. ती ज्याच्या त्याच्या भाषेत दिसायला हवी होती. मालक म्हणाले, सात तर शब्द आहेत, दुपारपर्यंत होऊन जाईल.

झालंही. जागा कमी म्हणून वहिनींनी प्रत्येक वाराची पहिली तीन अक्षरं ठेवली. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत मात्र यंत्र उकार नि अनुस्वारही वेगळा मोजतं. सोम, बुध, शनि नीट उतरले. पण मंगळवारचा ‘मंग’ झाला, गुरुवारचा ‘गुर’ आणि शुक्रवारचा ‘शुक’. वहिनींच्या सासूबाई त्याच तलावावर जायच्या. साठी उलटल्यावर पोहायला शिकलेल्या बाई त्या, कुणाला जुमानतात थोड्याच! घरी येऊन त्यांनी विचारलं, तुझा तो बोर्ड शुक शुक करून कुणाला बोलावतोय? वहिनी हसून बेजार झाल्या, पण मनातून खजीलही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्षर बारीक करून मराठी वार स्वतःच पूर्ण लिहून टाकले, सोमवारपासून रविवारपर्यंत. शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि समाधानानं घरी गेल्या. ते यंत्र आठवडा रविवारपासून मोजतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे बाकीच्या भाषांतले वार जागच्या जागी राहिले आणि मराठीतले तेवढे एकेक घर सरकले. बुधवारची संध्याकाळ नुकतीच महिलांसाठी राखून ठेवली होती. मराठी वाचणाऱ्यांना ती गुरुवारची दिसू लागली.

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसात तलावाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. आवाज रडवेला. काही बायका टोप्या घालून काठावर उभ्या आहेत, पुरुषांना बाहेर काढताहेत, आणि निम्मे पुरुष निघालेसुद्धा, असं ते सांगत होते. मागून एक खणखणीत आवाज येत होता, “बोर्डावर गुरुवार लिहिलंय. माझ्या सुनेनं लावलाय तो, चुकायचा नाही.”

वहिनींनी तो आवाज ओळखला आणि तडक स्कूटर काढली. तलावाच्या दारात ओलेचिंब पुरुष टॉवेल गुंडाळून कार्डं टेकवून बघत होते. एकाला बुधवार दिसे, दुसऱ्याला गुरुवार, आणि दोघंही आपलंच खरं करत होते.

वहिनी सासूबाईंपाशी गेल्या. “अहो आई, बोर्ड चुकलाय. चूक माझी आहे.”

सासूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग त्या पुरुषांकडे. “मग लवकर यायचं ना,” त्या म्हणाल्या. “बिचारे उगाच कुडकुडताहेत.”

यावर पहिला हसला तो टॉवेलवाल्यांतलाच एक जण. आता बाहेर आलोच आहोत तर आज तुम्हीच पोहा, म्हणाला, आणि बाकीचेही कपडे बदलायला गेले. व्यवस्थापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

वहिनींनी हातानं लिहिलेले वार त्याच आठवड्यात पुसले. प्रत्येक भाषेतली वारांची नावं यंत्रात आधीपासूनच असतात, पूर्णही आणि आखूडही. आपण फक्त तारीख द्यायची आणि भाषा सांगायची. जेमतेम तीन ओळींत काम झालं. मंगळ, गुरु, शुक्र अशी शहाण्यासारखी नावं उमटलेली त्यांनी आम्हाला बोलावून दाखवली. चेहरा असा, जणू नवं बाळच दाखवताहेत. तेव्हापासून भाषेचं काही निघालं की आम्ही त्यांच्याच टेबलाकडे वळतो.

पुन्हा असा गोंधळ नको म्हणून व्यवस्थापकांनी गुरुवारची संध्याकाळही महिलांना देऊन टाकली. सासूबाई मैत्रिणींना सांगतात, हा दुसरा वार आमच्या सुनेनं मिळवून दिला. वहिनींनी एकदोनदा खरं काय ते सांगून पाहिलं, मग नाद सोडला.