ड्राय केबिन आणि आर्कान्साचे स्फटिक

स्फटिक खणायला आर्कान्साला जाणार असाल तर खाणीआधी मुक्काम ठरवा आणि फोनवर स्पष्ट विचारा, नळ आहे का? आम्ही विचारलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही डॅलसला राहत होतो. सासूबाई वर्ध्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात मुलाला म्हणाल्या, "विनू, माझं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं कर. तुमच्या घरात मला कामच नाही." विनयने सोमवारी एजंटला फोन करायचं कबूल केलं. मला त्या जायला नको होत्या. घरात दिवसभर मराठी ऐकू यायचं, त्याची सवय झाली होती. निदान शनिवार-रविवार कुठेतरी जाऊन येऊ, असं मी सुचवलं.

माउंट आयडा गावाजवळ काही खाणी पैसे घेऊन दिवसभर खणू देतात. सापडेल ते आपलं. राहायला दोन जागा होत्या. एक तळ्याकाठचं मोटेल, दुसरी खाणीलगत जंगलातली केबिन, निम्म्या भाड्याची. केबिनच्या मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, ड्राय केबिन आहे, चालेल ना?

विनयने रिसीव्हरवर हात ठेवला. "आई, ड्राय आहे. म्हणजे तिथे दारू अलाउड नाही."

"आपल्या वर्ध्यासारखं," आई म्हणाल्या. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. "मग तीच घे."

डॅलसहून पाचेक तास लागतात. शेवटचा रस्ता वळणांचा, दोन्हीकडे पाइनची झाडं. पेट्रोल आधीच्या गावात भरा. शाकाहारी माणसाला वाटेत बटाट्याशिवाय फारसं काही मिळत नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

केबिन स्वच्छ होती. गॅसची शेगडी, तीन खाटा. विनय सिंकपाशी उभा राहून नळ शोधू लागला. मालकीणबाईंना हसू आलं. ड्राय म्हणजे पाणी नाही, त्यांनी समजावलं. हातपंप झाडाखाली, संडास त्याच्या पलीकडे. दारू खुशाल प्या.

"मोटेलला जाऊ. हे कॅन्सल करतो," विनय पुटपुटला.

"थांब. बादल्या किती आहेत ते बघ," आई म्हणाल्या.

पिण्याचं पाणी फळीवर, भांड्यांचं खाली, पायांचं दाराबाहेर. आईंनी पदर खोचला आणि आम्हाला कामाला लावलं. सकाळी विनयने तोंड धुवायला अर्धी बादली ओतली.

"तळं विकत घेतलंस का रे?"

"आई, पंपाला भरपूर पाणी आहे."

"असू दे. आणायला तूच जाणार आहेस."

खाण म्हणजे भुयार नव्हे. यंत्राने उलथलेली लाल मातीची उघडी टेकडी. उन्हात काही चमकलं की तिथे उकरायचं. जुने कपडे घाला, ती माती धुऊन जात नाही. आम्ही स्क्रू ड्रायव्हर नेले होते. आईंनी मालकीणबाईंच्या बागेतलं खुरपं मागून घेतलं. साडीखाली विनयचे बूट घालून त्या पालथ्या बादलीवर बसल्या आणि जेवायलाही उठेनात. शेजारी खणणारे एक गृहस्थ जरा जवळ सरकले.

"विनू, याला सांग, ही जागा माझी आहे."

विनयने सांगितलं. गृहस्थांनी टोपी काढून माफी मागितली.

परतताना डिकी स्फटिक अडकलेल्या मातीच्या गोळ्यांनी भरली होती. माझ्या वाट्याचा स्फटिक अजून माझ्याकडे आहे. बोटाएवढा, बुडाशी दुधाळ. दुकानात याहून चांगला मिळेल. तरी खणायला जा, आणि जमलं तर बिननळाच्या केबिनमध्येच राहा.

सोमवारी सकाळी बाथटबमध्ये सगळे स्फटिक भिजत पडले होते. आई स्टुलावर बसून जुन्या ब्रशने एकेक घासत होत्या. विनय ऑफिसला निघता निघता दारात थांबला.

"आई, याला ॲसिड मिळतं. एका दिवसात साफ होतात."

"ॲसिड नको."

"अगं, ब्रशने कधी संपायचे हे?"

"घाई कुणाला आहे?" आई म्हणाल्या.

विनयने माझ्याकडे पाहिलं. एजंटला फोन केला नाही.