गिरजामायच्या सात कोंबड्या

गिरजामायला हाक मारली की ती लगेच ओ देत नसे. आधी कोंबड्यांशी चाललेलं बोलणं पुरं करी, मग माणसाकडे वळे. एकदा खुद्द पाटील तिच्या कुडाशी येऊन उभे राहिले. तेव्हाही तिनं अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला पाणी पाजलं, तिची समजूत घातली आणि मगच म्हणाली, "बोला पाटील. तिले एकवीस दिवस उठता येत नाई. तुमाले थांबता येते."

आमचं गाव अकोल्याहून पातूरला जाणाऱ्या वाटेवर. तिच्या अंगणात आणि आमच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा एक कूड होता, तेवढंच काय ते अंतर. नवरा तरुणपणीच गेलेला, शेत नाही, एकुलती लेक पातूरला दिलेली. घरात ती आणि अठरा कोंबड्या. अंडी आणि तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, टोपलीत घालून ती अकोल्याच्या बाजाराला पायी जाई, त्यावर तिचं भागे.

कोंबड्या पाळणं हे रिकामपणाचं काम आहे असं मला वाटे. माझं लग्न झालं तेव्हा तिनं माझ्या बायकोला दोन तलंगा दिल्या आणि मग ते काम काय असतं हे मला घरातच दिसलं. वरून घार, खालून मुंगूस, पिसांत उवा. बायकोनं बसवलेली पहिली अंडी नासली तेव्हा ती रडकुंडीला आली. गिरजामायनं एकेक अंडं उन्हात धरून तिला दाखवलं, कोणतं भरलं आहे आणि कोणतं पोकळ. म्हणाली, "रोज हलवून पायशीन तं कसं उबन, बाई? अंड्याले घाई नसते. घाई मानसाले." उवांसाठी तिनं चुलीतली राख कुडाजवळ ओतून दिली. कोंबड्या तिच्यात लोळू लागल्या की ही शेजारी बसून मायेनं बघत राही.

त्या वर्षांत समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सगळ्या गावानं ज्वारीची शेतं मोडून कपाशी लावली. आम्हीही लावली. मी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, जरीकाठी पागोटं घेतलं आणि चालण्याची ढबही बदलली. पूर्वी खळं झालं की आमच्या शेतात सांडलेली ज्वारी वेचून गिरजामाय कोंबड्या पोशी. आता वेचायला काही उरलं नाही आणि बाजारातली ज्वारी तिला परवडेना. उपाशी कोंबड्या कुडातून आमच्या अंगणात शिरू लागल्या. तिथं कापसाचा ढीग होता. त्यात त्या किडे टिपत, उकरत, घाण करत, मऊ लागे म्हणून अंडीही घालत.

मी ओरडलो की ती धावत येई, एकेकीला काखेत मारी. एकदा म्हणाली, "काय करू नामा? तुमी ज्वारी पेरनं सोडलं. ह्या काय कापूस खाऊन राहतीन?" बोलण्यात तक्रार नव्हती, ती खरोखर विचारत होती. मला मात्र ते झोंबलं.

पुढे मुंबईच्या व्यापाऱ्याचा दलाल माल बघायला आला. गावातली दहा माणसं भोवती उभी होती. त्यानं ढिगात हात घातला आणि विष्ठेनं माखलेला कापूस बाहेर काढला. "सेठ, ये रुई है या मुर्गी का दडबा?" सगळे हसले. माझं पागोटं मला एकाएकी जड वाटू लागलं. तो माल न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बायको नदीवर गेली असताना मी आधी आमच्या दोन कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. मग उंदरांसाठी आणलेला सोमल मूठभर ज्वारीला चोळला आणि ती ज्वारी कापसाच्या ढिगाभोवती टाकली. दोन-तीन मरतील, बाकीच्या ती बांधून ठेवील, असा माझा हिशेब होता. मेल्या अकरा.

संध्याकाळच्या आत गिरजामाय कुडापाशी आली. नेहमी ती सरळ अंगणात शिरे. त्या दिवशी बाहेरच उभी राहिली.

"नामा, मी आत येत नाई. माह्या पायाले रोग असन. मानमोडी आली वाटते. तुह्या बायकोच्या दोन कुठं हायेत?"

"डालल्या आहेत," मी म्हणालो.

"लय चांगलं केलं बाप्पा. आठ दिवस काढू नको. त्या तरी वाचल्या."

मग म्हणाली की एक खड्डा खणून दे, माझ्यानं एवढा खोल व्हायचा नाही. मी तिच्या परसात खड्डा खणला. अकरा मेलेल्या तिनं एकेक करून खाली ठेवल्या. मी माती लोटणार तोच ती म्हणाली, "थांब. अजून सात राहिल्या." त्या सात खुराड्यात होत्या, धडधाकट, कॉक कॉक करत होत्या. म्हणाली, "ह्या फिरल्या तं गावातली एक कोंबडी उरनार नाई. लोकाइच्या लेकरायच्या तोंडचं जाईन. माह्या घरातनं निंगाला रोग, माह्या घरातच मुजला पायजे."

मी एक वाक्य बोललो असतो तर तिचा हात थांबला असता. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी फावड्याचा दांडा धरून उभा राहिलो. तिनं प्रत्येकीला छातीशी धरलं, तिच्या कानाशी काही पुटपुटली आणि मान मुरगळली. सातव्या वेळी तिचे हात चालेनात, तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. सातवीची मान मी मुरगळली.

गावानं तिचे उपकार मानले नाहीत. विहिरीवर बाया तिच्यापासून अंतर ठेवू लागल्या. हिच्या हातालाच रोग आहे असं कुणीतरी बोललं आणि तेच पसरलं. मी तेही ऐकून घेतलं. महिन्याभरात लेक येऊन तिला पातूरला घेऊन गेली. निघताना तिनं माझ्या बायकोला रिकामं डालगं दिलं आणि मला म्हणाली, "खड्डा खनून देल्ला, लय झालं बाप्पा. दुसरं कोनी आलं नाई."

लढाई संपली, कापसाचा भाव पडला, शेंब्या विकल्या. त्या खड्ड्यानंतर सात वर्षांनी गावात खरी मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना खरंच पिळल्यासारख्या वळत होत्या. तसं तिच्या एकाही कोंबडीला झालं नव्हतं. पारावर कुणी तरी हसत म्हणालं, "गिरजी परत आली का काय गावात?" मी उठलो आणि दुसऱ्या दिवशी पातूरची वाट धरली.

लेकीच्या ओट्यावर ती बसली होती, खूप वाळलेली. अंगणात लेकीच्या कोंबड्या फिरत होत्या. लेक म्हणाली, "माय यायले हात लावत नाई. दानेबी टाकत नाई. म्हंते, माह्या हातानं मरतीन."

मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. सोमल, ज्वारी, आमच्या दोन कोंबड्या आधी झाकल्या तेही. ती मला शिव्या देईल, निदान रडेल, असं वाटलं होतं. तिनं एकच विचारलं.

"म्हंजे त्या सात चांगल्या होत्या?"

"हो, माय."

तिनं मान हलवली. लेकीला हाक मारून मूठभर कण्या मागितल्या आणि ओट्याखाली टाकल्या. कोंबड्या धावत आल्या. ती त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. ऊन कलेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो आणि मग जोडे हातात घेऊन निघालो.

दोन वर्षांनी ती गेल्याचं कळलं. पातूरच्या बाजारात लेक भेटली तेव्हा म्हणाली, शेवटी शेवटी मायनं चांगली वीस-बावीस पिलं वाढवली, दिवसभर त्यांच्यातच असे. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या आधीची सात वर्षं ती स्वतःच्या हातांना भीत जगली आणि ती वर्षं मी तिला एका वाक्यानं परत देऊ शकत होतो. ती माझ्याबद्दल काही बोलली होती का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारायचा धीर झाला नाही.