बिनव्याजी राज्यशास्त्र

आमच्या सदर भागातल्या बँकेत शैक्षणिक कर्ज बघणारे काका चष्मा कपाळावर सरकवून राजकारणावर बोलतात. शेजारच्या कॅशियरला युती-आघाड्या समजावून होईपर्यंत रांग थांबते. मी एम.ए. राज्यशास्त्राच्या कर्जासाठी जाते, तेव्हा मात्र चष्मा खाली येतो. पेनाच्या टोपणाने कॅल्क्युलेटर दाबत ते आधी हप्ता दाखवतात, मग माझा होऊ शकणारा पगार.

"हे शिकून तुले काय भेटणार वं पोरी? इंजिनीअरिंग असती तं आजच सही केली असती."

मी फाइल त्यांच्यापुढे सरकवते.

काल नामंजूर झालेली फाइल परत देताना त्यांनी हळूच विचारलं, "बरं, आपल्या वार्डात यंदा कोण निवडून येऊन राहिलं?"

मी सांगितलं, कारणांसकट. चष्मा पुन्हा कपाळावर गेला. रांग थांबली. माझं राज्यशास्त्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बिनव्याजी.