फॉरमॅट पाहिजेच

आमचा लॅपटॉप चालू केला की चहा करून, पिऊन, कपबशी विसळून होईस्तोवर पडद्यावर काही उमटत नसे. दुकानदार म्हणाला, जुनी हार्ड डिस्क काढा, नवी टाका, मीच बसवून देतो. पण मी पडलो कचेरीतून निवृत्त झालेला हेडक्लार्क. चार स्क्रूंसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू? म्हटलं, माझं मी बसवतो.

बायकोनं एकच बजावलं. जुन्या डिस्कमध्ये तिच्या वडिलांचा आवाज होता. सासरे सांगोल्याकडचे, जन्मभर मेंढरं राखलेले. ते जाण्याआधीच्या दिवाळीत तिनं त्यांच्याशी मारलेल्या गप्पा रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. मला तिनं त्या कधी ऐकवल्याही नव्हत्या.

"बाकी काहीही जाऊ दे," ती म्हणाली, "आबा जायला नकोत."

रविवारी सकाळी टेबलावर पेपर पसरून बसलो. नवी डिस्क बसवली, झाकण लावलं, स्क्रू आवळले. लॅपटॉप म्हणतो, डिस्कच नाही. उघडलं, पुन्हा बसवलं, तरी नाही. लॅपटॉपला आणि दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या. चौथ्या खेपेला कळलं, मीच ती खाचेत पुरती ढकलली नव्हती. अंगठ्यानं रेटली, टक् वाजलं आणि गडी सुरू! एक स्क्रू उरला, तो खिशात घातला.

दुपारपर्यंत विंडोज चढवलं आणि फुशारकीतच जुनी डिस्क वायरनं जोडली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

आता कचेरीत फॉरमॅट म्हणजे काय? विहित नमुना. 'फॉरमॅटमध्ये नाही' असा शेरा मारून मी किती अर्ज परत पाठवले असतील, गणती नाही. मला वाटलं, फायली इकडून तिकडे न्यायच्या तर नमुन्यात बसवाव्याच लागणार. यंत्र असूनही शिस्तीचं आहे हो! मी 'होय' दाबलं. डिस्क उघडली तर आत ठणठणाट.

बायकोला सांगितलं. ती भांडली असती तर परवडलं असतं. ती आत गेली आणि आवरलेलंच कपाट पुन्हा आवरत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी सात रस्ता चौकाजवळचा एक दुरुस्तीवाला गाठला.

"अंकल, फॉरमॅट कायकू मारे?"

मी त्याला विहित नमुना समजावून सांगितला. तो खुर्चीतून पडायचाच राहिला. मग म्हणाला, त्यावर नवीन काही भरलं नसेल तर जुनं निघेल.

चार दिवसांनी त्यानं पेनड्राइव्ह दिला. फायलींची नावं उडालेली, नुसते आकडे. आम्ही दोघं एकेक लावत बसलो. भाचीच्या लग्नातला बँड निघाला, माझं घोरणं निघालं (ते कुणी रेकॉर्ड केलं, हे मी विचारलं नाही), आणि मग एकदम ओळखीचा खोकला. बायकोनं माझा दंड धरला.

"जावयाच्या हातात काय दिऊ नगंस बग," सासरे सांगत होते. "मानूस गुणाचा हाय, पर साधा खिळा सरळ ठोकाय येत न्हाय. धड असंल त्ये मोडून ठिवतंय."

मागोमाग तिचा आवाज आला. "असू द्या की आबा. मला आवडत्यात त्ये तसंच."

लग्नाला तीस वर्षं झाली, हे तिनं माझ्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. पुन्हा लावा म्हणाली. मी पुन्हा लावलं. तीनदा ऐकून झाल्यावर तिनं पेनड्राइव्ह उपसून हातात घेतला.

"हा माझ्याजवळच राहू द्या," ती म्हणाली.