राम राम, पावनं!

खाडीवरून ठाण्याच्या कचेरीत जाताना वाटेत एका म्हाताऱ्या कोळ्याची ओटी लागते. तो तिथे जाळं विणत बसलेला असतो. पाऊल वाजलं की त्याचा राम राम आलाच. समोरून उत्तर मिळालं, की मग विचारपूस: कुणाचा मचवा डांबरून झाला का, कुणाची सून माहेराहून आली का.

मला मात्र रोज एकच, "राम राम, पावनं! गावात नवं का?" मीही पगडी सांभाळत हात जोडायचो आणि पुढे जायचो. दिवाळीपासून इथे बिऱ्हाड आहे, आता शिमगा आला, तरी मी पाहुणाच? परवा डोकं फिरलं.

"अहो, मी मागच्या आळीत राहतो! रोज तुम्हाला हात नाही का जोडत?"

त्याची बोटं पहिल्यांदाच थांबली. "हात जोडता व्हय? मला दिसत नाय, बाबा. बोलायचं व्हतं."

मी ओशाळलो. तो मात्र जाळं बाजूला सारून हसत सुटला.

"आन मी घरात सांगत व्हतो, गाव वाढतंय, रोज एक नवा मानूस येतोय. ते सगले तुमीच व्हय!"